हवा काढताना

घाट उतरून आलेली गाडी
आमच्याकडे आधी नाकाला कळते.
जळक्या लायनरचा वास. आज त्यात आल्याचा झणका,
कारण कन्नडहून साठ पोती आलं भरलेली चारशेसात
शेडपुढे येऊन थांबली,
म्हणजे थांबली कसली,
बाभळीच्या ओंडक्याला टेकली.
ड्रायव्हर उतरला तो बादली शोधतच.
पेडल पार तळाला जातंय, चाकांवर पाणी मारतो म्हणाला.

"पानी नको टाकू रे भो!"
खाटेवरून उखर्डूबापू ओरडले.
बीड आहे ते, तडकेल.
बसू दे ड्रमला तासभर, तूही बस, चहा घे.
मग नेहमीचा प्रश्न,
चाळीसगावच्या बाजूला निम्म्या ड्रायव्हरांना पाठ असलेला:
"कोनता गेरमा उतरना?"

ड्रायव्हरनं स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.
"न्यूट्रलमा."
"डिझेल कितलं वाचनं?"
तो खरंच हिशेब करायला लागला.
अर्धा लिटर, म्हणाला, पाऊण असेल.
बापूंना ते ऐकू गेलं नाही.

त्यांचे कान दहा वर्षांपूर्वीच बाद झालेत.
इंजिन मात्र अजून ऐकतात:
लांब पेचकसाचं टोक ब्लॉकवर टेकवून
मूठ दातांत धरायची.
टॅपेटची टकटक दाढेत येते,
बेअरिंगची घरघर जबड्यात.
नवी गिऱ्हाइकं हसतात.
जुनी गुपचूप सांगतात, मिस्त्री, जरा चावून बघा ना.

ब्रेक ऑईल मी काढलं तेव्हा काळ्या चहासारखं होतं.
शेवटचं कधी बदललं?
बदलायचं असतं का, त्यानं विचारलं.
असतं.
बंद डबीतही ते हवेतलं पाणी पीत राहतं, गुपचूप, वर्षानुवर्षं,
आणि उतारावर चाक तापलं की ते पाणी उकळतं.
तेल दाबलं जात नाही. वाफ जाते.
तू पाय दाबतोस, वाफ आक्रसते,
चाकाला पत्ताच नाही.

मी सात वर्षांची असताना
सीटच्या पार टोकावर सरकून पेडल गाठायचे.
खालून, दिसत नसलेल्या बापूंचा आवाज:
दाब. दाब. दाब. धर!
धरून ठेवायचं, पोटरी थरथरली तरी.
मध्येच पाय उचलला तर नळी हवा ओढते,
सगळं पहिल्यापासून.
एकदा उचलला होता, माशी बसली म्हणून.
बापू काही बोलले नाहीत.
फक्त पुन्हा म्हणाले, दाब.

आता गाडीखाली मी, आणि सीटवर ते.
माझं ओरडणं त्यांच्यापर्यंत पोचत नाही,
म्हणून चासीवर पाना ठोकते.
एक ठोका, दाब. दोन ठोके, धर.
चपला काढून अनवाणी बसतात ते,
तळव्यांना ऐकू यावं म्हणून.
मागचं डावं चाक आधी, सगळ्यात लांबचं.
पारदर्शक नळीतून बाटलीत बुडबुडे येतात,
मोठे, मग मोहरीएवढे,
मग एक लांब सरळ धार, मधासारखी.
निपल आवळते. पुढचं चाक.

चारही झाली.
पेडल वरच, टणक, बापूंचा पाय त्यावर ठाम.
कपाळावर तेलाचा थेंब घेऊन मी पडून राहिले थोडा वेळ,
आणि का कुणास ठाऊक
चासीवर तीन ठोके मारले.
तीनला आमच्यात काही अर्थ नाही.

वर शांतता. एक क्षण, दोन.
मग त्यांनी हॉर्न वाजवला,
जो त्यांना ऐकू येत नाही,
लांबलचक,
टपरीवरची कुत्री उठेपर्यंत.

ड्रायव्हर चहाचा ग्लास ठेवून धावत आला.
"हॉर्नमाबी काही बिघाड शे का?"